रेडिओचा कान कोणाच्या हाती?

आमच्या घरी पहिला रेडिओ आला तो माझ्या जन्माच्या आधी. अण्णा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. त्या काळी रेडिओ घेतला की दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत, आणि त्या परवान्याचे पुस्तक आमच्याकडे शिधापत्रिकेच्या शेजारी, देव्हाऱ्याखालच्या खणात असे. आपल्याच घरात बसून काही ऐकायला सरकारचा परवाना लागतो, ही गोष्ट तेव्हा कुणालाही विचित्र वाटत नसे. अण्णांना गंमत वाटे ती वेगळ्याच गोष्टीची. ते म्हणत, "परवाना हिंदुस्थान सरकारचा, गाणी हिंदुस्थानातली, गाणारे हिंदुस्थानातले, आणि ऐकायची मात्र सिलोनहून!"

अण्णांच्या या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचा सगळा विषय आला आहे. लोकांनी काय ऐकावे आणि काय पाहावे यावर सरकारने चाळणी धरावी, की ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे, हा वाद आज पुन्हा ऐरणीवर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सेवांच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा मांडला. त्यात वाहिन्यांबरोबर मोबाईलवर दिसणाऱ्या मालिका-चित्रपटांनाही ओवले होते. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर त्याची सुधारलेली प्रत मोजक्याच लोकांना वाचायला मिळाली, गदारोळ झाला, आणि ऑगस्टमध्ये ती प्रत मागे घेण्यात आली. तेव्हापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, "काहीही दाखवतात हो, कुणी तरी लगाम घातलाच पाहिजे." दुसरा म्हणतो, "नको असेल तर बंद करा, बटण आपल्याच हातात आहे." मला दोन्ही तट अर्धवट वाटतात. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्वतंत्र भारतात नभोवाणीची सर्वांत कडक चाळणी लावली ती एका मराठी माणसाने. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षे, त्या खुर्चीवर राहिले. माणूस विद्वान, संगीताचा खरा जाणकार, स्वच्छ चारित्र्याचा. त्यांची खटकलेली गोष्ट एकच: हिंदी चित्रपटगीत. त्यातले पाश्चात्त्य वाद्यमेळ, त्यातली शृंगारिक शब्दकळा यांनी लोकांचा कान बिघडतो आहे असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीने ठरवले की गाणी तपासून घ्यायची, आणि गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात होते. निर्मात्यांनी आपली परवानगीच काढून घेतली. बघता बघता आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

पुढे काय झाले ते आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना सांगायला नको. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत, ती फीत विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री लघुलहरींवरून परत आपल्याच घरी येई. हुबळीतल्या ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती पोरे बुधवारी हॉटेलच्या दारात उभी राहत. एक चहा तिघांत, आणि तोही गाणी संपेपर्यंत पुरवायचा. जाहिरातीचा पैसा कोलंबोला गेला, श्रोता कोलंबोला गेला, आणि दिल्लीच्या हाती उरली ती सुरुची. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी खुद्द केसकरांच्याच कारकिर्दीत 'विविध भारती' सुरू करावी लागली आणि चित्रपटगीते मागच्या दाराने घरात परतली.

एवढे सांगून केसकरांना मोडीत काढणे सोपे आहे, आणि बहुतेक लेखक तेच करतात. मी धारवाडच्या हवेत वाढलेला माणूस आहे, मला तसे करता येत नाही. कारण याच केसकरांच्या काळात, १९५२ सालीच, शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणीची संगीत संमेलने भरू लागली. धारवाड केंद्र त्याआधी ८ जानेवारी १९५० ला सुरू झाले होते. तिथे मल्लिकार्जुन मन्सूर संगीताचे सल्लागार होते. द. रा. बेंद्रे, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि ज्यांनी कन्नडला आपले सर्वस्व दिले, तेही या केंद्राचे सल्लागार होते. गंगूबाई हनगल हुबळीच्या, बसवराज राजगुरू धारवाडचे. राजेरजवाड्यांचा आश्रय सुटलेला असताना या मंडळींना महिन्याचे चार पैसे आणि लाखो कान मिळवून दिले ते सरकारी नभोवाणीने. अण्णा सिलोन ऐकत हे खरे. पण शनिवारी रात्री, वर्कशॉपचा भोंगा दुसऱ्या दिवशी वाजणार नाही या आनंदात, ते राष्ट्रीय कार्यक्रम लावत हेही खरे. तेव्हा 'आवाज कमी करा' असे सांगायची आईची छाती होत नसे.

तेव्हा एकाच मंत्र्याने एकाच दशकात दोन कामे केली. जे त्याने पानात वाढले ते लोकांनी खाल्ले, आणि पिढ्यान् पिढ्यांना ते पुरले. जे त्याने पानातून उचलले ते खायला लोक शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्याच आधाराने: सरकारने वाढप्याचे काम करावे. वैद्य होऊन पथ्य सांगू नये.

पथ्याचा आणखी एक दाखला आपल्या भागाला फार जिव्हाळ्याचा आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ही बंदी इंग्रज अधिकाऱ्यांनी घातली. पेटीचे सूर ठरीव, त्यात मींड निघत नाही, म्हणून ती भारतीय गाण्याला अपायकारक, असा युक्तिवाद होता, आणि रवींद्रनाथांसारख्या थोरांचाही त्याला पाठिंबा होता. इंग्रज गेले, बंदी राहिली. १९७१ च्या सुमारास ती संगतीपुरती सैल झाली. म्हणजे तीस वर्षे! आणि कोणत्या मुलखात? जिथे मराठी संगीत नाटक आणि कन्नड कंपनी नाटक दोन्ही पेटीच्या सुरावर उभी राहिली त्या मुलखात. शेजारच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमी गाजवीत होते. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा पेटीचा उस्ताद शिष्य घडवीत होता. माझे थोरले काका हौशी पेटीवादक. गणपतीत गल्लीच्या नाटकाला साथ त्यांचीच. ते पेटीचे झाकण लावताना नेहमी म्हणत, "चल बये, तुला सरकारी घरात मज्जाव आहे." लहानपणी मला तो विनोद वाटे.

युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने चूक होता का? मुळीच नाही. पेटीत मींड निघत नाही हे कोणताही जाणकार सांगेल. चूक अशी झाली की संगीताच्या वर्गात जो वाद व्हायचा तो हुकूम म्हणून बाहेर पडला. वादाला उत्तर देता येते, पेटीवाले वाजवून देतच होते. हुकुमाला उत्तर नसते. शिवाय अभिरुचीच्या नावाने सुरू झालेला हुकूम माणसांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. १९४६ साली, सरदार पटेल हे खाते पाहत असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिका-वादकांना नभोवाणीवर घेऊ नये असे ठरले. त्याची झळ बसली ती कोठ्यावरच्या परंपरेतून आलेल्या बायकांना. ज्यांच्या गळ्यात ठुमरी-दादरा शेकडो वर्षे जपला गेला त्यांनाच दार बंद. मोठ्या माणसांच्या हातून, चांगल्या हेतूने, ही गोष्ट झाली. म्हणूनच ती लक्षात ठेवावी.

येथे सुज्ञ वाचक विचारतील, मग मुळीच मर्यादा नको काय? दंगल पेटवणारे काही दाखवले तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या न्यायालयांनी दिलेले आहे. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, गोविंद निहलानी दिग्दर्शित 'तमस' ही मालिका सुरू झाली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. फाळणीच्या दंगलींचे चित्रण पाहून पुन्हा दंगली होतील, ती बंद करा, म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात अर्ज गेला आणि तात्पुरती स्थगितीही मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर या दोघांनी काय केले? पूर्ण मालिका बसून पाहिली! आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८८ रोजी तोच निकाल कायम ठेवला. त्यात कसोटी घेतली ती पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी घालून दिलेली: परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल याचा. जो प्रत्येक गोष्टीत कुरापत शोधतो त्याच्या मापाने मोजायचे नाही.

यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे कामाची रीत. आधी पाहिले, मग ठरवले; उघड्यावर ठरवले; कारणे लिहून दिली. सरकारी कात्री बहुधा याच्या उलट चालते. २०२२ साली केरळातल्या 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीचा परवाना नव्याने द्यायचे नाकारले गेले आणि कारणे बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली गेली. ज्याला शिक्षा त्यालाच गुन्हा ठाऊक नाही! एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चिथावणी दिली, कुणाची बदनामी केली, तर त्यासाठी कायदे आहेत, न्यायालये आहेत. त्यापलीकडे केबल वाहिन्यांच्या नियमावलीत एक कलम आहे, की सुरुचीला बाधा आणणारे काही दाखवू नये. हे कलम वाचले की मला काकांची पेटी आठवते. सुरुची ही कायद्याने ठरवायची गोष्ट असती तर आम्हा भाषाशिक्षकांच्या नोकऱ्या केव्हाच गेल्या असत्या.

इथपर्यंत वाचून 'बटण आपल्या हातात' म्हणणारे मित्र खूष झाले असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

बटण हातात असणे आणि निवड हातात असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. त्या निकालात लहरी सरकारच्या मक्त्यातून काढायला सांगितल्या हे सर्वांना आठवते. पण त्या पैसेवाल्यांच्या मक्त्यातही जाऊ नयेत, त्यांच्यावर स्वायत्त सार्वजनिक यंत्रणा हवी, असेही तिथेच म्हटले आहे. ते सोयीस्करपणे विसरले गेले.

आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतल्या घरांना तर हे रोज अनुभवास येते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून वाहिन्या निवडून घेण्याची पद्धत आली. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर, आणि पैशाच्या वाहिन्या ज्याने त्याने वेगळ्या मागून घ्यायच्या. ग्राहक राजा झाला म्हणून पेढे वाटले गेले. पण धारवाड जिल्ह्यात तयार पुडा मिळतो तो कन्नडचा, आणि ते योग्यच आहे, राज्याची भाषा ती. मराठी हवी तर सुटी मागायची, वेगळे पैसे मोजायचे. घरात आई एकटी मराठी मालिका पाहणारी, मुले कन्नड आणि इंग्रजीत रमलेली. मग महिन्याचे चाळीस-पन्नास रुपये कशाला, असा हिशेब निघतो आणि मराठी गळते. कोणी बंदी घातली? कोणीच नाही. सर्वांनी आपापल्या मर्जीने निवडले. फुकट उरते ती सरकारी 'सह्याद्री', म्हणजे पुन्हा वाढपीच उपयोगी पडला.

आणि बंदी घालायला सरकारच लागते असेही नाही. साठीच्या दशकापासून कर्नाटकात परभाषेतले चित्रपट व मालिका कन्नडमध्ये भाषांतरित आवाज देऊन दाखवायच्या नाहीत, असा अलिखित दंडक होता. कोणत्याही कायद्यात तो नव्हता. कन्नड चित्रपटसृष्टी तेव्हा दुबळी होती, तिच्या कलावंतांच्या पोटाचा प्रश्न होता, हे मान्यच केले पाहिजे. पण २०१२ मध्ये आमिर खानचा 'सत्यमेव जयते' अनेक भाषांत बोलला आणि कन्नड वाहिनीवर मात्र बोलला नाही, तेव्हा तोटा झाला तो कन्नडखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या खेड्यातल्या बाईचा. जुलै २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने चित्रपट-दूरचित्रवाणी संघटनांचा हा दंडक बेकायदा ठरवला. २०२० च्या टाळेबंदीत 'महाभारत' कन्नडमधून आले तेव्हा आमच्या गल्लीत मराठी, कन्नड सगळी घरे एका वेळी एकच युद्ध पाहत होती.

आता एक कबुली. २ ऑक्टोबर १९९४ रोजी बेंगळुरू दूरदर्शनने रोज दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू केले. आठवड्याच्या आत दंगल उसळली, वीसहून अधिक माणसे मेली, आणि बातमीपत्र थांबले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. शिक्षकांच्या खोलीत चर्चा निघाली तेव्हा मी म्हणालो, "कन्नड सगळ्यांना कळते, मग ही दहा मिनिटे हवीतच कशाला?" आमचे उर्दूभाषक सहकारी समोर बसले होते. ते काही बोलले नाहीत, वह्या तपासत राहिले. आज मी 'मराठीला थोडी जागा हवी' म्हणतो तेव्हा तेच वाक्य मला कोणी ऐकवले तर माझ्याजवळ काय उत्तर आहे? मराठी माणसाने सीमाभागात राहून ती दहा मिनिटे दुसऱ्याला नाकारावीत, हे मला आज लाजिरवाणे वाटते. त्यावेळी वाटले नाही. सरकारने तिथे पदार्थ वाढला आणि गर्दीला घाबरून उचलला. उचलताना कोणी कारणही विचारले नाही, मीही नाही.

मुलांचा प्रश्न राहिला. मुख्याध्यापकाला तो टाळता येत नाही. माझ्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात जप्त केलेले मोबाईल असतात. म्हणजे पथ्य सांगणारा वैद्य मी स्वतःच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल! पण मी जप्त करतो तेव्हा मुलाला समोर उभे करतो, कारण सांगतो, आणि संध्याकाळी बापाला बोलावून परत देतो. बाप माझ्याशी भांडू शकतो, काही भांडतातही. सरकारशी असे भांडता येत नाही. २०२१ च्या नियमांनी मालिका-चित्रपटांवर सात, तेरा, सोळा अशा वयाच्या खुणा लावायला सांगितल्या. ते मला पटते, कारण खूण म्हणजे माहिती आहे. पानात काय वाढले ते सांगितले, उचलले नाही. मात्र एवढ्याने भागेल या भ्रमात मी नाही. नववीतल्या एका मुलाला विचारले, "हे तू शोधलेस?" तो म्हणाला, "नाही सर, ते आपोआपच पुढे येते." सिलोन लावायला आमच्या अण्णांना रेडिओचा कान पिळून, खरखरीतून, बोटभर जागेतून ते केंद्र शोधावे लागे. या पोराला शोधायचेच नाही. त्याचे बोट फक्त वर सरकते आणि पुढचे पान कोणी तरी वाढलेले असते. हा वाढपी कोण, तो कोणाचा पगार घेतो, कशाच्या हिशेबाने वाढतो, हे सरकारने त्या कंपन्यांना जरूर विचारावे आणि उत्तर लोकांपुढे मांडायला लावावे. त्या कामासाठी विधेयक आणा, मी स्वतः सही करीन. पण २०२३ च्या मसुद्याचे लक्ष त्याहून अधिक काय दाखवले याच्यावर होते.

गेल्या महिन्यात केबलवाला पोरगा पैसे न्यायला आला. दर पुन्हा वाढले होते. दारातच उभा राहून त्याने वही उघडली आणि कन्नडमध्ये विचारले, "सर, मराठीची दोन आहेत, ठेवायची की काढायची?" मी पाकीट शोधत होतो. आतून आईचा आवाज आला, "काय काढतोय रे तो?"